पहिल्या घोटावर निकाल देऊ नकोस
बाटली फ्रीजमधून काढलीस की वीसेक मिनिटं थांब. ओकच्या पिंपात मुरलेली आंबट बिअर १० ते १३ अंशांना खुलते. फार गार असली तर नुसता आंबटपणाच लागतो. ग्लास वाइनचाच घे, अर्धाच भर. आधी वास घे. चेरी, ओलं लाकूड, आणि चामड्यासारखा तो रानटी वास, तो ब्रेटानोमायसिस यीस्टचा. मला फार प्रिय! पहिला घोट दचकवतोच. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला लॅक्टिक आम्लाचा मऊ आंबटपणा आणि ओकचा तुरटपणा वेगवेगळे कळू लागतात. व्हिनेगरची हलकी झाक चालते, नाकात झोंबली तर नाही. सुरुवात बेल्जियमच्या रोडेनबाख ग्रां क्रूपासून कर. तिच्यात दोन वर्षं मुरलेल्या बिअरमध्ये थोडी ताजी मिसळलेली असते, त्यामुळे आंबटपणा सोसवतो.