पाणी उकळतं, पण कधी?

वाचकांचे प्रश्न : जुनी यंत्रं, जुने ट्रॅक्टर

प्रश्न : गोराईला आमची वडिलोपार्जित वाडी आहे. वडिलांनी 1974 साली घेतलेला बी-275 ट्रॅक्टर अजून चालतो. मी बोरिवलीला राहतो, शनिवार-रविवार लाँचने पलीकडे जातो. नांगरट थोडीच, मुख्य काम म्हणजे विहिरीवरून भरलेल्या टाकीची ट्रॉली वर वाडीत ओढत नेणं. उभ्या उभ्या तासभर चालू ठेवला तरी काही होत नाही. टाकी ओढत चढ लागला की वीस मिनिटांत रेडिएटर पाणी फेकतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, रेडिएटरला नवं टोपण लावलं. फरक शून्य. आता तो म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. खोलू का, काका?

उत्तर : नका खोलू. आधी एक कप चहा घ्या आणि तुमचंच पत्र पुन्हा वाचा. त्यातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही जाता जाता सांगून टाकलीत : उभा असताना गरम होत नाही, ओढताना होतो. चाळीस वर्षं कांदिवलीत गॅरेज चालवून मी एवढंच शिकलो, की गिऱ्हाईक ‘काय होतं’ ते सांगतं आणि आपण ‘कधी होतं’ ते विचारायचं.

तुमच्या ट्रॅक्टरचं माहेरही कांदिवलीच. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर 1963 साली इथे ट्रॅक्टर कंपनी निघाली, पुढे 1977 मध्ये ती महिंद्रात विलीन झाली. म्हणजे तुमचा 1974 चा गडी विलीनीकरणाच्या आधीचा. चार सिलिंडर, पस्तीस हॉर्सपॉवर, ओतीव लोखंडाचा जाडजूड ब्लॉक. असलं इंजिन सहजासहजी मरत नाही, त्याला मारलं जातं. बहुतेक वेळा पाण्याने.

रिकामा उभा असताना इंजिन जेमतेम डिझेल जाळतं, त्यामुळे अर्धा तुंबलेला रेडिएटरही तेवढी उष्णता बाहेर टाकतो. चढावर डिझेल कितीतरी पट जळतं, तेव्हा ती तूट उघडी पडते. उष्णता कुठेतरी अडते आहे. हवा जात नाही, पाणी फिरत नाही, की पाणी फिरूनही लोखंडातली उष्णता उचलत नाही, एवढंच शोधायचं.

सोप्यापासून सुरू करा. चढाच्या पायथ्याशी उतरून मागच्या दोन्ही ब्रेकजवळ हात न्या. एखादा भाजतो का? ब्रेक धरून बसला असेल तर इंजिन बिचारं टाकीबरोबर ब्रेकही ओढतंय. मग रेडिएटरची जाळी पंख्याच्या बाजूने बघा. पुढून ती स्वच्छ दिसते, मागे गवताचा भुसा आणि तेलकट धूळ यांचा थर बसलेला असतो. पाणी मारायचं ते पंख्याच्या बाजूने पुढे, आणि जोर बेताचा, नाहीतर पातळ पाती वाकून पडतात. पंख्याचा पट्टा अंगठ्याने मधोमध दाबा, अर्धा इंचभर दबावा. जास्त दबला तर पाण्याचा पंप आणि पंखा दोघंही सुस्त.

आता खालचा होज पाईप. इथे माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. 1986 च्या आसपास एकाचा ट्रॅक्टर आला, अगदी तुमच्यासारखीच तक्रार. मी ऐटीत हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, बदललं, पैसे घेतले. चार दिवसांत ट्रॅक्टर परत. माझ्याकडे कामाला असलेल्या पोराने थ्रॉटल दाबला आणि म्हणाला, ‘शेठ, हे बघा.’ रेडिएटरच्या तळाहून पंपाकडे जाणारा पाईप इंजिनाने जोर धरताच उसाच्या चिपाडासारखा चपटा होत होता. थ्रॉटल सोडला की पुन्हा गोल. पाईपच्या आत वळी असते, म्हणजे तारेची स्प्रिंग. ती गंजून गेली होती, त्यामुळे पंपाची ओढ पाईपलाच चिमटत होती. गॅस्केटचे पैसे मी परत केले, पोराचा पगार वाढवला. तेव्हापासून हेडला हात लावण्याआधी थ्रॉटल दाबून तो पाईप बघतो.

हे सगळं ठीक असेल तर रेडिएटर आतून. इंजिन चांगलं गरम झाल्यावर बंद करा, पंखा थांबू द्या आणि जाळीवर वरून खाली तळहात अगदी जवळ फिरवा. वर कढत, खाली हळूहळू कोमट, हे बरोबर. पण मध्येच एखादा पट्टा गार लागला तर त्या नळ्या तुंबल्या आहेत. सगळी जाळी वरपासून खालपर्यंत सारखीच तापलेली असेल तर पाणी फिरतंय, हवाच कमी पडतेय. बंदुकीसारखा थर्मामीटर असला तर उत्तम, फक्त कोविडमध्ये कपाळावर धरायला घेतलेला नको. तो माणसाच्या तापापुरता.

माझा संशय मात्र तुम्ही न लिहिलेल्या गोष्टीवर आहे. रेडिएटरमध्ये पाणी कुठलं ओतता? विहिरीचंच ना? खाडीकाठची विहीर, पाणी मचूळ. अशा पाण्याचा खार ब्लॉकच्या आत सिलिंडरभोवती बसतो, विशेषतः मागच्या सिलिंडरपाशी, जिथे प्रवाह मंदावतो. घरच्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बघितलाय ना, तोच. त्या थरामुळे आग आणि पाणी यांच्यात जणू घोंगडी टाकल्यासारखं होतं. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन कॉक थंड इंजिनावर उघडा. पाणी आलं नाही तर आत तार घालून टोचा. तांबडा गाळ भळकन बाहेर आला तर तुमचं उत्तर मिळालं.

उपाय : सगळं पाणी काढा, थर्मोस्टॅट सध्या नाहीच. लिटरला पन्नास ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून भरा, इंजिन गरम होईपर्यंत चालवा, थोडं निवल्यावर काढून टाका. तांबडं पाणी येईनासं होईपर्यंत हे दोन-तीनदा. शेवटी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा आणि मग साध्या पाण्याने भरपूर. रेडिएटरच्या नळ्या तरीही गार राहिल्या तर तो उतरवून रेडिएटरवाल्याकडे न्या. वरची-खालची टाकी उघडून नळ्यांमधून सळी फिरवली की झालं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी केलीत तर असा कारागीर सापडेल.

मग भरायचं ते नळाचं पाणी. तानसा-भातसाचं पाणी मऊ, खार धरत नाही. तेवढंही नको असेल तर पावसाळ्यात पहिल्या दोन-चार सरी जाऊ द्या आणि पागोळीखाली पिंप लावा. त्यात निम्मा कूलंट. नुसता कूलंट भरू नका, तो पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

थर्मोस्टॅट परत बसवा. आधी पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवा, 82 अंशांच्या आसपास उघडायला हवा. तो नसला की इंजिन गार राहून डिझेल अर्धवट जळतं. आणि मेकॅनिकचं नवं टोपण तपासा. गाडीचं जास्त पौंडाचं, म्हणजे जास्त दाब धरणारं, टोपण जुन्या रेडिएटरला लावलं तर सांध्यांचं झाळणच सुटतं.

एवढं करूनही पाणी फेकलं, तर थंड इंजिनावर टोपण काढून चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर गॅस्केट गेलं. काळा धूर येत असेल तर डिझेल फवारणारे नोझल आणि डिझेल पंपाचं टायमिंग तपासायचं. तेव्हा खोला, खुशाल.

प्रश्न : (लालबागचे वाचक) गावाकडच्या मॅसी 1035 ट्रॅक्टरचा तापमानाचा काटा रोज लाल पट्ट्यात जातो, पण पाणी उकळत नाही. इंजिनाला धोका आहे का?

उत्तर : काट्यावर एकदम विश्वासही नको आणि अविश्वासही नको. थंड इंजिनाचं पाणी उतरवून काट्याचा पाण्यात बुडालेला बल्ब बाहेर काढा (त्याची बारीक नळी मुडपू नका) आणि उकळत्या पाण्यात धरा. लालबागेत पाणी बरोबर 100 अंशांना उकळतं, आपण समुद्रसपाटीला. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर थोडं अलीकडे. काटा 100 च्या खूप पुढे गेला तर काटाच खोटा, नवा घ्या. बरोबर दाखवला, तर मात्र धोका आहे. दाबाच्या टोपणाखाली पाणी 110 अंशांच्या आसपासही न उकळता राहू शकतं. वर गोराईच्या वाचकांना सांगितलेली सगळी वाट तुम्हालाही चालावी लागेल.

प्रश्न : (दादरच्या वाचक) भाऊ शेतात ट्रॅक्टर तापला की लगेच बंद करतो आणि बादलीभर गार पाणी ओततो. चालेल का?

उत्तर : ताई, भावाला सांगा, आधी नांगर वर घे, न्यूट्रलमध्ये टाक आणि पाच मिनिटं साध्या वेगाने चालू ठेव. पाणी पूर्ण संपलं असेल तरच लगेच बंद. टोपण हात लावण्याजोगं झाल्याशिवाय उघडायचं नाही, आणि तेही गोणपाट ठेवून, पहिल्या खाचेपर्यंतच. पाणी कोमट, थोडं थोडं. तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं की हेड तडकतं, आणि त्याचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही.