"डॉक्टरांना सांगू नका, मॅडम"

"मॅडम, डॉक्टरांना सांगू नका, पण आई काढा घेऊन राहिली आहे." केमो चालू असलेल्या घरातलं कोणी ना कोणी हे मला आठवड्यातून एकदा तरी, आवाज खाली करून, सांगतं. काढा चालेल का हा प्रश्न पुढचा. आधी धास्ती असते ती डॉक्टर ओरडतील याची.

हे काका-काकू नागपूरचेच, सक्करदऱ्याकडचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काकूंना स्तनाचा कॅन्सर. दर २१ दिवसांनी केमो, त्यात ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन. तिसऱ्या डोसच्या आदल्या दिवशी रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे वाढलेले. हे औषध शरीर लिव्हरमार्फतच बाहेर टाकतं, म्हणून केमो पुढे ढकलली. "बाहेरचं काही घेता का?" डॉक्टरांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "नाही जी." काका खिडकीबाहेर बघत राहिले.

दुपारी मुलगा एकटाच माझ्याकडे आला. त्याने मोबाइलवरच्या चॅटबॉटला विचारलं होतं, "गुळवेल कॅन्सरमध्ये फायद्याची आहे का?" उत्तरात फायद्यांची लांबलचक यादी, आणि अगदी खाली 'डॉक्टरांचा सल्ला घ्या'. तिथपर्यंत कोण वाचतो? मी म्हटलं, आता केमोच्या औषधांची नावं टाक, लिव्हरचा रिपोर्ट टाक आणि परत विचार. या वेळी उत्तर आलं: गुळवेल थांबवा, आजच डॉक्टरांना कळवा. मुलगा चिडला. "मग आधी का नाही सांगितलं याने?" आधी आपण त्याला केमोचं सांगितलंच कुठे होतं! डॉक्टरांच्या खोलीतही सकाळी तेच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना घरातलं सगळं एका पिशवीत घालून आणायला लावलं. निघालं काय? कडुनिंबावरच्या गुळवेलीचा काढा, ऑनलाइन मागवलेल्या हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल, आणि लेबल नसलेली एक पुडी, 'कॅन्सर मुळापासून बरा' म्हणणाऱ्या व्हिडिओतून आलेली. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानेच बंदी आहे. व्हिडिओवाल्यांना त्याचं काय.

गुळवेलीबद्दल सांगायचं तर, २०२१मध्ये मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी कोविडकाळात ती घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला सूज आल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. काकूंचे आकडे गुळवेलीनेच वाढले असं आमच्या डॉक्टरांनीही छातीठोकपणे म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "एका वेळी लिव्हरवर एकच ओझं." भाजीतली हळद चालेल, कॅप्सूल बंद. मिऱ्यातल्या पिपरीनमुळे काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतं, आणि काकूंना पुढे स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या द्यायच्या होत्या.

"म्हणजे झाडपाला खोटा?" काकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. नाही हो काका. अंगणातल्या सदाफुलीतूनच व्हिंक्रिस्टीन हे केमोचं औषध निघालं. पण ते मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. पानं चावून किती पोटात गेलं हे कोण मोजणार? पूर्वी मी अशा वेळी लांबलचक व्याख्यान देत असे. लोक मान डोलवत आणि पुढच्या वेळी पिशवी घरी ठेवून येत. तेव्हापासून व्याख्यान बंद केलं, आणि मी काकांना विचारलं, काढा कोण करतं?

काकाच करत होते. पाच वाजता उठून अंबाझरीकडच्या ओळखीच्या झाडावरून वेल आणायची, ठेचायची, उकळायची. चाळीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरात न गेलेला माणूस! केमोची खोली, रिपोर्ट, पैसे, सगळं मुलाच्या हातात. काकांच्या वाट्याला तेवढं एक पातेलं. ते काढून घेतलं तर पहाटे पाच वाजता त्यांनी करायचं काय?

म्हणून त्यांच्या हातात थर्मामीटर दिला. मोबाइलवर रोज दोनदा लिहायचं: ताप, जेवण, उलट्या, तोंड आलं का, बाटलीतलं-पुडीतलं काही नवीन घेतलं का. ताप १००.४च्या वर गेला तर रात्र असो की दिवाळी, निघायचं; केमोनंतर साधारण आठवड्याभराने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा ताप आला तर थांबून चालत नाही. काकांना हे दुय्यम काम वाटू नये म्हणून अमेरिकेतला एक अभ्यासही सांगितला, २०१७चा. कॅन्सरच्या पुढच्या टप्प्यातल्या ७६६ रुग्णांपैकी ज्यांनी आपले त्रास ऑनलाइन नोंदवले आणि नर्सपर्यंत ते लगेच पोचले, ते, मधल्या रुग्णाचा हिशेब धरला तर, इतरांपेक्षा सुमारे पाच महिने जास्त जगले. काकांनी आकडा दोनदा विचारून घेतला.

लिव्हरचे आकडे उतरायला तीन आठवडे लागले, मग केमो परत सुरू झाली. काकांच्या नोंदी मुलाच्या मोबाइलवरून मला येतात. "सहा वाजता ९८.२. अर्धी पोळी, वरण. बोलली कमी." चौथ्या डोसनंतर एका रात्री "१००.८, निघालो" एवढंच आलं. चार दिवस भरती राहून काकू घरी आल्या.

परवा काकांचा फोन. "मॅडम, ही चहात दोन पानं तुळस टाकून मागते. ते लिहू लागते का?"

"लिहा ना काका."

"बरं. किती वाजता, तेही लिहितो."