राजाला शेवटचा नंबर दे की गं!

आधी पत्र, थोडं छाटून घेतलंय.

"आक्का, मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्सला आहे. यंदाच्या गॅदरिंगसाठी मी एकांकिका लिहिली. एक बेट असतं, तिथं वर्षातून एक दिवस राजा, प्रधान, सेनापती, खजिनदार असल्या सगळ्या मोठ्या लोकांनी चौकात उभं राहून कोळी, हमाल, कुंभार यांना हसवायचं, जो जास्त हसवेल त्याला वर्षभर मानाचा डंका, आणि जो शेवटचा येईल त्याने महिनाभर धक्का झाडायचा. सगळ्यांना लई आवडली. मग मालकांनी वाचली आणि म्हणाले राजा मीच करणार. आता तालमीत ते तोंड उघडायच्या आधीच सगळे हसतात. (पहिल्या मसुद्यात राजा शेवटचा येत होता, ते मी बदललं, आता तो जिंकतो.) माझी मैत्रीण, जिच्याबरोबर रोज डबा खायचो, ती मला चमची म्हणाली आणि आता दुसऱ्या टेबलावर बसते. एकांकिका मागं घेऊ का?"

बाई गं, एवढ्या मोठ्या पत्रात खरी गोष्ट तू कंसात घातलीस! मैत्रीण डब्यासकट उठून गेली ती मालकांच्या रोलमुळं नाही गेली, तो रोल त्यांनी मागितला, त्यात तुझा काय दोष, मालकाला नाही कोण म्हणणार. ती गेली शेवट बदललास म्हणून. तुला कुणी बदल म्हणालं होतं का? पत्रात तरी तसं नाही. तू आपणहून राजाला पहिला आणलास, आणि कोल्हापुरात राहून तुला हे सांगायला लागावं म्हणजे कमाल आहे, पण ही नुरा कुस्ती झाली की गं. खासबागेत पब्लिक काय काय सहन करतं, ऊन, धूळ, पुढच्याचा फेटा, पण ठरवून सोडवलेली कुस्ती दिसली की शिव्या सुरू. शाहू महाराजांनी ते मैदान 1912 साली पुरं केलं, रोममधलं जुनं खेळाचं मैदान बघून आल्यावर त्यांच्या डोक्यात ते आलं होतं म्हणतात, आखाडा मधोमध आणि बसायची जागा मागं चढत गेलेली, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुणाची पाठ लागली ते दिसतं. बघायला येणाऱ्याला तेच बघायचं असतं, कोण पडलं ते.

आता तुझ्या बेटाबद्दल बोलू, कारण कल्पना खरंच झकास आहे आणि ती तुला स्वतःलाच नीट कळली नाही असं मला वाटतं. मोठ्या लोकांनी गरिबांची करमणूक करायची यात नवीन काही नाही. रोममध्ये एडाइल म्हणून अधिकारी असायचे, रस्ते, बाजार आणि सार्वजनिक खेळ त्यांच्याकडं, आणि पुढं मोठ्या पदावर निवडून यायचं म्हणून ते एकमेकांवर चढाओढ करून स्वतःच्या खिशातनं खेळ लावायचे. इ.स.पू. 65 मध्ये सीझर एडाइल होता तेव्हा त्यानं ग्लॅडिएटरच्या 320 जोड्या उतरवल्या, कर्ज काढून! आपल्याकडं दहीहंडीला लाखांची बक्षिसं आणि मुंबईची हिरॉईन येते ते याच्यापेक्षा काय वेगळं? पण यात मोठा माणूस स्वतः घाम गाळत नाही, पैसे टाकतो आणि व्हीआयपी खुर्चीत बसतो. तुझ्या बेटावर राजाला स्वतः चौकात यायला लागतं आणि तो पडू शकतो. सगळी गंमत तिथं आहे आणि नेमकी तीच तू काढून टाकलीस.

त्याच रोममध्ये 17 डिसेंबरपासून सॅटर्नेलिया नावाचा सण असायचा, मालक गुलामांना पंगतीत बसवायचे, काही घरात स्वतः वाढायचे, गुलामांना मोकळं बोलायची सूट. आता तूच सांग, सण संपला की मालक परत मालकच, हे माहीत असताना कुठला गुलाम अगदी मनातलं बोलला असेल? चार शब्द आतच ठेवले असणार. तुमच्या तालमीतही तेच चाललंय, विनोद यायच्या आधी हसणारी माणसं करमणूक करून घेत नाहीयेत, ती मालकांची करमणूक करतायत. बेट उलटं झालं. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाला काय वाट्टेल ते बोलतो आणि लोक पोट धरून हसतात, कारण तो राजा फडातलाच कुणीतरी असतो, उद्या त्याच्या हातात कुणाचं इन्क्रिमेंट नसतं.

तर एकांकिका मागं घेऊ नकोस, शेवट मागं घे. जुना मसुदा प्रिंट काढ आणि आधी मैत्रिणीकडं जा, मालकांकडं नंतर. सॉरीचं भाषण नको, तिच्याच टेबलावर डबा उघड आणि म्हण, शेवटचं पान परत पहिल्यासारखं केलंय, वाच आणि प्रॉम्प्टिंगला तू उभी राहा. ती लगेच गळ्यात पडेल असं नाही, एक-दोन दिवस फुगून बसेल, बसू दे.

मग मालकांकडं एकटी जा, ग्रुपवर टाकू नको, तिथं लगेच अंगठे येतात. साहेब, राजा शेवटचा येतो आणि खराटा घेऊन धक्का झाडतो, मूळ असंच होतं, त्याच सीनला सगळ्यात जास्त हशा आहे, एवढंच. "चालेल का" असं विचारू नको, विचारलंस की नाही म्हणायला जागा मिळते. माणूस दिलदार असेल तर उड्या मारेल, रोल स्वतः मागितलाय म्हणजे हौस तर आहेच. आणि तोंड वाकडं केलं तर भांडू नको, नोकरी तुला हवीय. म्हण, मग राजा वॉचमनमामांना देऊ, तुम्ही उद्घाटनाला दिवा लावा, आणि बेटाचा विषय तिथंच संपव. तेही नको म्हणाले तर या वर्षी नाटकाच्या जागी अंताक्षरी होऊ दे, संहिता तुझीच आहे, ती कुठं पळून जात नाही.

एक तांत्रिक गोष्ट. नाटकातली मतं हात वर करून घेऊ नको, पडद्यामागं मडकी ठेव आणि बेटावरचा प्रत्येक जण चिंचोका टाकून येऊ दे, कुणी कुणाला टाकला कळता कामा नये. आणि हॉलमधले दिवे पूर्ण घालव, नाहीतर लोक स्टेजकडं कमी आणि एचआर हसतोय का तिकडं जास्त बघतील.

खराटा मात्र खराच घे, प्लास्टिकचा ब्रश नको, झाडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे.

— आक्का