वीस महिन्यांच्या मुलासाठी आता कापडी डायपर परवडतील का?

प्रश्न: आमचा मुलगा वीस महिन्यांचा आहे. दिवसाला सहा डिस्पोजेबल डायपर लागतात. खर्च कमी व्हावा म्हणून वीस पॉकेट डायपरचा (आतल्या खिशात शोषक पट्टी सरकवायच्या कापडी डायपरचा) संच घ्यायचं मनात आहे. एका कापडी डायपरच्या किमतीत तीस डिस्पोजेबल येतात. पैसे कार्डावर हप्त्याने भरता येतील. घ्यावा का?

उत्तर: वीसचा संच घेऊ नका, आणि हप्त्याने तर मुळीच नको. कापडी डायपर वापरायला मात्र हरकत नाही. थोडे घ्या आणि फक्त दिवसापुरते वापरा.

कापडी डायपर स्वस्त पडतात, हे मूल जन्मल्यापासून वापरले तर बहुतेक वेळा खरं ठरतं, कारण संचाची किंमत दोन-अडीच वर्षांवर पसरते. तुमचे वीस महिने आधीच गेले. बरीच मुलं दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान दिवसा कोरडी राहायला शिकतात, म्हणजे कमाईचे महिने मोजकेच उरलेत. आपण आठ धरू, म्हणजे साधारण 240 दिवस.

हिशेब पैशांत न करता डिस्पोजेबलच्या नगांतच करू, म्हणजे भाव बदलला तरी गणित बिघडणार नाही. वीस डायपर गुणिले तीस, म्हणजे आज 600 नगांची रक्कम खिशातून जाणार. रात्रीचा एक आणि बाहेर जातानाचा एक डिस्पोजेबल तुम्ही वापरालच, त्यामुळे रोज वाचणार चार. पाणी, वीज आणि पावडर मिळून एका डायपरच्या धुलाईमागे पाव नग धरा. मशीन भरून लावलं आणि कपडे दोरीवर वाळवले, तर हा अंदाज ठीक आहे. म्हणजे निव्वळ बचत रोज तीन नग. 600 भागिले 3, म्हणजे पैसे वसूल व्हायला 200 दिवस. उरलेल्या चाळीस दिवसांत हाती लागतात 120 नग, म्हणजे तुमच्या आजच्या वीस दिवसांचा खप. तेही कागदावरच, कारण शेवटच्या महिन्यांत मूल पॉटीवर बसायला लागलं की दिवसाचे चारचे दोन होतात. त्यातून हप्त्याचं व्याज वजा करा.

आता संख्या कमी करून बघू. एक दिवसाआड धुतले तर दोन दिवसांचे आठ आणि धुतलेले वाळेपर्यंत आणखी चार, असे बारा पुरतात. किंमत 360 नग, वसुली 120 दिवसांत, आणि 240 दिवसांअखेर 360 नग शिल्लक. कपडे ड्रायरमध्ये वाळवणार असाल तर धुलाईचा खर्च पाववरून अर्ध्यावर जाईल, रोजची बचत दोनवर येईल आणि वसुलीला 180 दिवस लागतील. मग फारसा अर्थ उरत नाही.

माझा कल मात्र कव्हर (बाहेरची जलरोधक चड्डी) आणि तिच्या आत ठेवायच्या वेगळ्या सुती कापडाच्या घड्यांकडे आहे. पॉकेट डायपर प्रत्येक वेळी अख्खा धुवावा लागतो. कव्हरला शी लागली नसेल तर आतून पुसून, हवेवर ठेवून पुन्हा वापरता येतं, म्हणून चार कव्हरं आणि बारा घड्या पुरतात. कव्हर 25 नगांना आणि घडी आठला पडते असं धरलं, तर एकूण 196 नग. साधारण 65 दिवसांत वसुली, पुढच्या 175 दिवसांत 525 नगांची बचत. अडचण एकच: पळत्या मुलाला घडी नीट बसवणं जिकिरीचं असतं. बटणाने कव्हरला अडकणारी घडी घेतली तर हा त्रास कमी होतो.

काहीही घ्या, आधी दोनच घ्या आणि आठवडाभर वापरून बघा. या वयात मूल एका दमात बरीच शू करतं आणि पॉकेट डायपरसोबत मिळणारं एकच मायक्रोफायबर इन्सर्ट (कृत्रिम धाग्याची शोषक पट्टी) कमी पडतं. ते पटकन शोषतं, पण मूल दणकन खाली बसलं की दाबाने सोडूनही देतं. त्याच्याखाली सुती किंवा बांबूचं दुसरं इन्सर्ट ठेवा, ते सावकाश शोषतं आणि धरून ठेवतं. मायक्रोफायबर थेट कातडीला लावू नका, ते ओल ओढून कातडी कोरडी करतं. नवं सुती कापड पाच-सहा धुलाया झाल्याशिवाय पूर्ण शोषत नाही, म्हणून पहिल्या दिवशी गळलं तर लगेच निकाल लावू नका. मांडीशी कापडाची कड कव्हरबाहेर डोकावत असेल, तर तिथूनही चड्डी भिजते.

पैसे बुडतात ते बहुतेक धुण्यात. शी आधी संडासात टाका. वापरलेले डायपर उघड्या बादलीत कोरडेच ठेवा, दोन दिवसांपेक्षा जास्त नको. आधी थोडी पावडर टाकून छोटी धुलाई, मग घड्या आणि इन्सर्ट 60 अंशांवर पूर्ण पावडर टाकून, शेवटी भरपूर पाण्यात खळबळणं. कव्हरं 40 अंशांवर. कव्हरं उकळली, इस्त्री केली किंवा गरम ड्रायरमध्ये टाकली की आतला जलरोधक थर सुटतो आणि कव्हर कायमचं गळतं. फॅब्रिक सॉफ्टनरने आणि रॅशच्या चिकट मलमाने कापडावर पापुद्रा बसतो, मग शू शोषली न जाता बाजूने वाहते. मलम लावणारच असाल तर मध्ये पातळ लायनर घाला. धुतल्यावर कोरडं कापड ठीक वाटतं, पण ओलं होताच झोंबणारा वास येतो? मग पावडर कमी पडतेय किंवा मशीन ठासून भरलंय. दर दोन-तीन तासांनी बदललं नाही तर रॅश येऊ शकते आणि औषधावरचा खर्च बचतीतून जातो.

धुण्या-वाळवण्याला वेळ जातो, तो कोणाचा जाणार हे घरात आधी ठरवा. त्या कामाचे कोणाला पैसे देणार असाल, तर ती रक्कमही वरच्या पाव नगात मिळवा.

घरात उरलेली डिस्पोजेबलची पाकिटं रात्रीसाठी वापरा, मोठ्या मापाचा साठा आत्ताच करू नका. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर मात्र बाराचा संचही चांगला फायद्यात जाईल; वापर संपला की पूर्ण वाळवून, इलास्टिक न ताणता ठेवा. आणि मूल पाळणाघरात जात असेल तर खरेदीआधी तिथे विचारा. त्यांनी कापडी डायपर घ्यायला नकार दिला तर रोज चारऐवजी दोनच वाचतील. संच निम्मा घेतला तरी धुण्याचा व्याप फारसा कमी होणार नाही आणि बचत अर्धी होईल. तशा वेळी दोन कव्हरं आणि सहा घड्या, त्यापलीकडे खर्च करू नका.