रंगीत पाणलावा दिसतो, पण कॅमेरा उचलेपर्यंत दडतो. काय करावं?

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या काठावर तो तुमच्या नजरेस पडतो, म्हणजे जागा बरोबर आहे. आता त्याच्या मागे जाणं सोडा. धोका वाटला की हा पक्षी उडण्याआधी जागीच थिजतो, आणि पाठीवरचे पिवळसर पट्टे वाळलेल्या गवतात इतके मिसळतात की चार हातांवर असूनही सापडत नाही.

चिखलात चोच खुपसल्याची बारीक भोकं दिसतात ती कड आदल्या दिवशी हेरून ठेवा. उजाडण्याआधी तिथे पोहोचा, सूर्य पाठीशी येईल असे बसा. तो मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला चरतो, ऊन चढल्यावर ताटकळण्यात अर्थ नाही.

ट्रायपॉडपेक्षा दादर ज्वारीने भरलेली कापडी पिशवी मला जास्त आवडते. तिच्यावर लेन्स टेकवून पालथं पडलं की कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर येतो, हातही थरथरत नाही. चरताना त्याचं मागचं अंग वरखाली हलत असतं. ते थांबलं की क्लिक करा. सायलेंट शटर (आवाज न करणारं), शटरचा वेग १/२५० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) बिनधास्त वाढवा.

एक मात्र कळकळीने सांगतो. यांच्यात भडक रंगाची ती मादी. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं फिकट नराकडे असतं. नर पिल्लांसोबत दिसला किंवा एकाच जागी बसून राहिला, तर हळूच मागे सरका. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं, आडवं येणारं गवत कापणं हे तर कधीच नको.