घरी बनवलेल्या रोलप्लेइंग गेममध्ये मंत्रांचे नियम वाद होणार नाहीत असे कसे लिहावेत?

तुम्ही लिहिलंय की ब्रह्मपुरीकडच्या गावात पाच जण मिळून खेळता, गोष्ट झाडीपट्टीतल्या जंगलात घडते, फासे लुडोचेच आहेत, आणि कोणी मंत्र टाकला की "हे होतं की नाही" यावर खेळ अडतो.

वाद मंत्राच्या ताकदीवरून क्वचितच होतो. फासा पडायच्या आधी काय जाणार आणि काय मिळणार, हे बसलेल्या सगळ्यांना सारखं माहीत नसतं म्हणून तो होतो. त्यामुळे प्रत्येक मंत्राचं पोस्टकार्डाएवढं वेगळं कार्ड करा आणि एकच पक्का नियम ठेवा: कार्डावर लिहिलेलं नाही ते मंत्र करत नाही.

मंत्राचा खर्च चिंचोक्यांत मोजा, ते मांत्रिकाच्या शक्तीचे ठोकळे समजा. आता चकव्याचंच घ्या. सहसा पहिल्यांदा असं लिहिलं जातं: "शत्रू भ्रमात पडतो व वाट चुकतो." किती वेळ? तो वार करू शकतो का? सोबत्यानं ओढत नेलं तर? दोघांवर चालतो का? एका ओळीत चार भांडणं आहेत. तोच मंत्र असा लिहा:

खर्च: 2 चिंचोके.
कोणावर: हाकेच्या अंतरातला, डोळ्यांना दिसणारा एक माणूस किंवा जनावर.
काय होतं: तो जागा सोडून निघाला की फेरीच्या शेवटी निघाला तिथेच परत येतो.
किती वेळ: 3 फेऱ्या.
कशानं तुटतो: कोणी त्याचा हात धरला, किंवा त्यानं धुऱ्यावरच्या दगडाला हात लावला.
काय होत नाही: बोलणं, वार करणं, बाण मारणं थांबत नाही.

शेवटची ओळ कधीच गाळू नका, निम्मे वाद तिथेच मिटतात. "तुटतो" ही ओळ समोरच्याला हालचाल करायला जागा देते, नाहीतर ज्याच्यावर मंत्र पडला तो तीन फेऱ्या नुसता बसून राहतो. अंतरं तीनच ठेवा: हातभर, 20 पावलं, हाकेचं. नकाशा लागत नाही, आणि वावरात उभं राहून हाक कुठवर जाते ते प्रत्येकाला ठाऊक असतं. "जवळ", "थोडा वेळ", "बराच" हे शब्द कार्डावर येऊच देऊ नका.

आता फासे. अशा खेळांत वापरतात तो वीस बाजूंचा फासा आठवडी बाजारात मिळणार नाही, आणि तो लागतही नाही. लुडोचे दोन फासे टाकून बेरीज करा. 10 किंवा जास्त आले तर मंत्र पूर्ण लागतो, 7 ते 9 आले तर लागतो पण किंमत मोजावी लागते, 6 किंवा कमी आले तर फसतो. दोन फाशांच्या 36 शक्यता असतात. बेरजेत बोनस काहीच न धरता पूर्ण यश 6 वेळा, म्हणजे 17 टक्के. बेरजेत +1 बोनस धरला तर ते 28, +2 ला 42, +3 ला 58 टक्के होतं. फसण्याची शक्यता त्याच क्रमानं 42, 28, 17 आणि 8 टक्के. म्हणून +3 च्या वर कोणालाही जाऊ देऊ नका, त्यापुढे फासा टाकण्यात अर्थच उरत नाही. 7 ते 9 ची किंमत आधीच लिहून ठेवा आणि निवड खेळाडूला करू द्या: एक चिंचोका जास्त, किंवा अवधी निम्मा, किंवा असा आवाज की जंगलातलं काहीतरी जागं होईल.

मंत्र फसला तर पूर्ण खर्च कापू नका, एकच चिंचोका घ्या. पाळीही गेली आणि चिंचोकेही गेले की मांत्रिक दोन डावांत कुऱ्हाड उचलतो.

सुरुवातीला प्रत्येक मांत्रिकाला 6 चिंचोके द्या. ते भरून कसे निघतात, इथे घरगुती गेम सगळ्यात जास्त फसतात. झोपल्यावर सगळे परत मिळत असतील तर प्रत्येक लढाईनंतर सगळे झोपणारच. 1974 च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोलप्लेइंग गेममध्ये मंत्र दिवसाच्या हिशोबानं मिळत, आणि एक लढाई करून मुक्काम ठोकायची सवय त्याच हिशोबातून लागते. तुम्ही रात्रीला 2 च परत द्या, आणि प्रत्येक मुक्कामाला शत्रूचा बेत एक पायरी पुढे सरकवा. त्या पायऱ्या गेममास्टरनं, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्यानं, आधी कागदावर लिहिलेल्या असाव्यात.

मारक मंत्राची ताकद कुऱ्हाडीशी ताडून बघा. कुऱ्हाडीचा घाव एक फासा, म्हणजे सरासरी साडेतीन. 2 चिंचोक्यांचा मंत्र दोन फासे, सरासरी सात. सहा चिंचोक्यांत असे तीनच मंत्र होतात, त्यामुळे कुऱ्हाडवाल्याचं महत्त्व टिकतं. एका वेळी एकच चालू मंत्र, आणि एकाच प्रकारच्या दोन परिणामांची बेरीज करायची नाही, मोठा तेवढा धरायचा. मन वाचणं किंवा मेलेल्याशी बोलणं यावर नुसता खर्च वाढवून उपयोग नाही, गोष्टीचा भेद पहिल्याच डावात फुटतो. तिथे प्रश्न मोजून द्या: तीन प्रश्न, उत्तर हो किंवा नाही.

पोळ्याला म्हणतात त्या झडत्यांसारखी (यमक जुळवलेल्या ओळी) झडती म्हणून मंत्र टाकायची कल्पना तुमच्या गोष्टीला शोभेल. पण बोनस +1 च द्या आणि प्रत्येकाला डावात एकदाच, नाहीतर बोलका खेळाडू कायम जिंकेल आणि लाजरा गप्प बसेल.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. मांत्रिकाला गावातल्या खऱ्या माणसाचं नाव, घर किंवा जात देऊ नका. आपल्याकडे करणीच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, त्यासाठी राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. चकवा, बोलणारं मोहाचं झाड, बोडीतला (लहान तळ्यातला) राखणदार यांत भरपूर मजा आहे, करणी आणि भानामती बाहेरच ठेवा.

सुरुवात 8 ते 10 मंत्रांनी करा. प्रत्येक कार्ड खेळात नसलेल्या कोणालातरी वाचायला द्या आणि "यानं काय होतं?" एवढंच विचारा. तो जिथे अडखळेल किंवा वेगळंच सांगेल, ती ओळ पुन्हा लिहा. मग तीन लढाया खेळा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वाद झाला की तिथल्या तिथे गेममास्टरनं निकाल द्यायचा, कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं फुली मारायची आणि डाव पुढे न्यायचा. फुल्या पडलेली कार्डं दुसऱ्या दिवशी दुरुस्त करा.