उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर मराठी फाँट टाकताना पॅकेज अर्धवट अडकलं, आता काहीच इन्स्टॉल होत नाही. फॉरमॅट करू का?

फॉरमॅट अजिबात करू नका. मराठीच्या जागी चौकोन दिसत होते म्हणून तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या फाँटचं पॅकेज टाकलंत, ते करारनाम्याच्या पानावर थांबलं, ओके दाबलं जाईना आणि तुम्ही टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, बंद केलं. सांगलीत माझं डीटीपीचं काम आहे, पत्रिका आणि हँडबिलं उबुंटूवरच करतो. नेमकं हेच माझ्याकडूनही झालंय. त्या पानावर माउस चालत नाही. टॅब दाबायचं, ओके उठून दिसलं की एंटर.

टर्मिनलमध्ये टाकायच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप रोमनमध्ये, स्मॉल अक्षरांत करा. ‘सुडो’ म्हणजे एस-यू-डी-ओ, ‘ॲप्ट’ म्हणजे ए-पी-टी.

मशीन रीस्टार्ट करून पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. सुरू झाल्या झाल्या आपोआप अपडेट चालू असतात, तेवढ्यात काही टाकायला गेलं की ‘लॉक मिळत नाही’ असं येतं. लॉकची फाईल डिलीट करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लॉक आहे म्हणजे दुसरा प्रोग्रॅम पॅकेजांच्या नोंदवहीत लिहितोय. दोघं एकदम लिहायला बसले तर नोंदी बिघडतात, आणि मग खरोखरच फॉरमॅटची वेळ येऊ शकते.

मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. अर्धवट राहिलेलं पॅकेज तिथून पुढे सुरू होईल. करारनामा पुन्हा आला तर टॅब, एंटर. त्यानंतर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’.

आता चौकोनांचं. त्या पॅकेजमधल्या एरियल, टाइम्स न्यू रोमनमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे ते नीट बसलं असतं तरी चौकोन तसेच राहिले असते. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल फाँट्स-नोटो-कोअर’ करा, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ टाकलं की मराठी चालणाऱ्या फाँटची यादी दिसते.

एवढ्यावर थांबू नका, कारण पुढची गोष्ट मला मिरजेच्या एका गिऱ्हाईकानं दाखवली. पत्रिकेचं प्रूफ हातात घेऊन ते म्हणाले, “ह्यो ‘शुभविवाह’मधला श हिंदीतला वाटतोय की!” बघितलं तर खरंच, श आणि ल दोन्ही हिंदी वळणाचे. फाँटात मराठी वळणाचे, देठाचा श आणि पाकळीचा ल, होतेच, पण मी ज्यात टाइप करतो ते लिबरऑफिस मजकूर हिंदी समजत होतं. टूल्स, ऑप्शन्स, तिथे भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी निवडा. आधी टाइप केलेला मजकूर सिलेक्ट करून त्याचीही भाषा मराठी करा. नोटो सान्स देवनागरीत दोन्ही अक्षरं डोळ्यांदेखत बदलतात.

श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फायलींत मात्र चौकोन नव्हे, इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत, नसतो, त्याला कन्व्हर्टरच लागतो.